न्हाणाच्या निमित्ताने वयात येणाऱ्या मुलामुलींना लैंगिक आरोग्य शिकवण्याची पद्धत : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

मुलीला पहिली पाळी आली की मराठवाड्यातील अनेक घरांत आजही न्हाण होते. चार-पाच दिवस मुलगी बाजूला बसते, मग हळद-तेल लावून आंघोळ, मामाकडचा आहेर, खण-नारळाने ओटी, सुवासिनींची गाणी आणि गोडाचे जेवण. गेल्या काही वर्षांत आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षिका आणि जाणत्या आया या प्रसंगाचा उपयोग मुलींना शरीराची माहिती देण्यासाठी करू लागल्या आहेत, आणि तो प्रयत्न योग्यच आहे, कारण एरवी ज्या घरात पाळी हा शब्द उच्चारला जात नाही तेथे त्या दिवशी सगळे घर त्याच गोष्टीसाठी जमलेले असते. तरीही बहुतेक ठिकाणी हे काम फसते, कारण त्याचा क्रम उलटा असतो. सगळी माहिती समारंभाच्या दिवशी, पंधरा-वीस बायकांसमोर, लाजेने मान खाली घातलेल्या मुलीला एका दमात सांगितली जाते. त्या दिवशी तिच्या कानावर पडलेले बहुतेक सारे वाया जाते.

खरे शिकवणे न्हाणाच्या आधी दोन वर्षे सुरू होते आणि न्हाणानंतर निदान तीन महिने चालते. समारंभाच्या दिवशी शिकवण्यासारख्या गोष्टी अगदी थोड्या असतात. खालील टप्पे याच क्रमाने घ्यावेत. ज्या घरात न्हाण करतच नाहीत तेथेही समारंभाचा टप्पा वगळून बाकी सर्व टप्पे तसेच लागू पडतात.

## टप्पा १ : घरातील वडीलधाऱ्या बायकांशी आधी बोलावे

सुरुवात मुलीपासून करू नये. न्हाण कसे होणार हे आजी, चुलती आणि मामी ठरवतात, आणि त्यांना विश्वासात न घेता मुलीला काही शिकवले तर ते घरात टिकत नाही. मुलगी साधारण नऊ वर्षांची झाली की या बायकांसोबत एकदा निवांत बसावे. दुपारची जेवणे उरकल्यानंतरची वेळ बरी. पुरुष घरात असताना ही बैठक घेऊ नये, कारण आजी मोकळेपणाने बोलत नाही आणि ती बोलली नाही तर पुढचे काहीच जमत नाही.

बैठकीत आपण बोलण्याआधी त्यांना बोलू द्यावे. स्वतःचे न्हाण कसे झाले, आधी कोणी काही सांगितले होते का, रक्त पाहून काय वाटले, हे विचारावे. बहुतेक आज्या सांगतात की त्या घाबरल्या होत्या आणि त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. तेथूनच पुढचा प्रश्न सहज निघतो : नातीला हीच भीती वाटू द्यायची का?

मग रीतीतील एकेक गोष्ट घेऊन ती ठेवायची, बदलायची की सोडायची, हे ठरवावे. हळद-तेलाची आंघोळ, नवे कपडे, ओटी, गाणी, डिंकाचे किंवा मेथीचे लाडू, खारीक-खोबरे यांत मुलीचे नुकसान काही नाही, उलट तिच्याकडे घराचे लक्ष जाते, म्हणून या गोष्टी ठेवाव्यात. बाजूला बसवण्याची रीत जेथे सुटत नाही तेथे निदान चार अटी मान्य करून घ्याव्यात : मुलीने रोज आंघोळ करावी, रात्री तिने एकटीने झोपू नये, शौचालयापर्यंतच्या वाटेवर उजेड असावा आणि तिची शाळा एकही दिवस बुडू नये. आंबट खाऊ नये, लोणच्याला हात लावू नये, केस धुऊ नयेत, या बंधनांना आरोग्याचा कोणताही आधार नाही, हे स्पष्ट पण आदराने सांगावे. सगळे एका बैठकीत मान्य होणार नाही. आंघोळ आणि शाळा या दोन गोष्टींवर मात्र तडजोड करू नये.

इशारा : न्हाण म्हणजे मुलगी लग्नाला आली, हा अर्थ या समारंभाला फार जुना चिकटलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, तर परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते. त्यामुळे न्हाणाची जाहिरात करणारा फलक, मंगल कार्यालय, मोबाईलच्या स्टेटसवर टाकलेले फोटो, या गोष्टी निरुपद्रवी नाहीत. त्या पाहून स्थळे येऊ लागतात. तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या तालुक्यांत काही समाजांत हा समारंभ मोठा होतो. तेथे ही गोष्ट पहिल्याच बैठकीत काढावी. पंगत छोटी, बायकांपुरती आणि घरातच असावी.

आत्याच्या घरातून येणाऱ्या आहेराकडेही लक्ष असू द्यावे. आपल्याकडे आत्याच्या मुलाशी सोयरीक जुळवण्याची रीत आहे आणि नेहमीपेक्षा मोठा आहेर हा कित्येकदा त्या बोलण्याची सुरुवात असतो. आईला हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे आहेर स्वीकारताना तिला काय बोलायचे ते सुचते.

## टप्पा २ : कोण बोलणार ते ठरवावे

एकाच व्यक्तीने सगळे सांगावे, हा आग्रह सोडावा. पाळीतील कपडा, पॅड, आंघोळ, दुखणे याविषयी आई किंवा मोठी बहीण उत्तम बोलते. शरीराची रचना, गर्भ कसा राहतो, संसर्ग, कायदा याविषयी आशाताई, आरोग्यसेविका किंवा शिक्षिका बोलली तर मुलगी अधिक मोकळी होते, कारण आईसमोर हे प्रश्न विचारण्याची तिला लाज वाटते. काही घरांत मावशी किंवा मामी या दोन्ही कामांना पुरी पडते.

जी बोलणार तिने आधी सराव केलाच पाहिजे. योनी, गर्भाशय, अंडाशय, स्तन, शिश्न, वृषण, वीर्य हे शब्द तिने न अडखळता, आवाज न दबवता उच्चारून पाहावेत. सांगणारीच कुजबुजली की मुलगी तेवढ्यावरून समजते की हे काहीतरी वाईट आहे, आणि मग शब्द कितीही शास्त्रीय वापरले तरी उपयोग होत नाही. गावात अंगावरून जाणे, अडचण येणे, कावळा शिवणे असे शब्द चालतात. ते वापरायला हरकत नाही, पण प्रत्येक अवयवाचे खरे नाव मुलीला एकदा तरी माहीत व्हावे. दवाखान्यात दुखणे सांगताना आणि कोणी नको तेथे हात लावला तर ते नेमके सांगताना तिला त्या शब्दांची गरज पडते.

पडताळा : निवडलेल्या व्यक्तीला विचारावे, ‘मुलगी गर्भवती कशी होते?’ तिला पाच-सहा साध्या वाक्यांत उत्तर देता आले तर ती तयार आहे. देवाच्या कृपेने, लग्न झाल्यावर, अशी उत्तरे आली तर अजून सराव हवा.

## टप्पा ३ : पिशवी तयार ठेवावी

पहिली पाळी सांगून येत नाही. शाळेत, यात्रेत, मामाच्या गावी किंवा ऊसतोडीच्या फडावरही ती येऊ शकते. म्हणून मुलीच्या छातीची वाढ दिसू लागली की एक छोटी कापडी पिशवी तयार करून तिच्या दप्तरात आणि एक घरात ठेवावी. छातीची वाढ सुरू झाल्यापासून पाळी येईपर्यंत साधारण दोन ते अडीच वर्षे लागतात, त्यामुळे ही खूण पुरेशी आधी मिळते.

पिशवीत तीन-चार पॅड किंवा सुती कपड्याच्या स्वच्छ घड्या, एक जादा चड्डी, वापरलेला पॅड गुंडाळायला जुना कागद आणि साबणाचा तुकडा असावा. पॅड लावायचा कसा, हे मुलीकडून एकदा चड्डीवर प्रत्यक्ष करून घ्यावे. नुसते तोंडी सांगितल्याने ऐन वेळी उलटी बाजू लागते.

कपडा वापरणार असल्यास तो आधी गार पाण्याने व नंतर साबणाने धुऊन उन्हात वाळवणे आवश्यक आहे. इतर कपड्यांच्या खाली झाकून किंवा कोठीच्या अंधारात वाळवलेला कपडा ओलसर राहतो आणि त्यातून खाज व संसर्ग होतो. उन्हाळ्यात टँकरवर पाणी असलेल्या गावांत कपडा नीट धुणे जमत नसेल तर एप्रिल-मेपुरते पॅड वापरावेत. पॅड असो की कपडा, रक्त थोडे असले तरी चार ते सहा तासांनी बदलावा. वापरलेला पॅड शोषखड्ड्याच्या शौचालयात, नाल्यात किंवा विहिरीकडे टाकू नये. कागदात गुंडाळून खोल पुरावा किंवा शाळेत पॅड जाळण्याच्या यंत्राची सोय असेल तर तेथे टाकावा.

बीड, जालना, परभणी भागातील जी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात, त्यांच्यासाठी हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलगी मागे आजीजवळ राहणार असेल तर पिशवी आजीच्या ताब्यात द्यावी आणि आजीला पुढील टप्पे समजावून सांगावेत. मुलगी आईसोबत जाणार असेल तर पिशवी मोठी करावी, कारण फडावर खोपीच्या आसपास शौचालय नसते, पाणी मोजके असते आणि दुकान लांब असते.

## टप्पा ४ : न्हाणाआधीची तीन बोलणी

पुढील तीन बोलणी नऊ ते अकरा या वयात, काही महिन्यांच्या अंतराने, घरकाम करताना किंवा शेताच्या वाटेवर चालताना व्हावीत. समोर बसवून डोळ्यांत डोळे घालून सांगितले की मुली गप्प होतात. शेंगा फोडताना, भाजी निवडताना त्या प्रश्न विचारतात.

पहिले बोलणे शरीराचे. छाती वाढेल, काखेत आणि जांघेत केस येतील, उंची झपाट्याने वाढेल, मुरुम येतील आणि या सगळ्याचा वेग प्रत्येकीचा वेगळा असेल. पाळीच्या काही महिने आधी चड्डीवर पांढरा किंवा पाण्यासारखा पातळ स्राव दिसू लागतो. तो नैसर्गिक असतो. दह्यासारखा घट्ट, हिरवट, दुर्गंधीचा किंवा खाज-जळजळ असलेला स्राव मात्र दाखवावा लागतो आणि तो साध्या औषधांनी बरा होतो. ही दोन वाक्ये मुलीला पक्की पाठ असावीत, असे मला फार मनापासून वाटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी करण्यासाठी राज्य सरकारने २०१९ मध्ये समिती नेमली, तेव्हा तपासलेल्या सुमारे ८२,००० महिलांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाणे, पोट दुखणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या कित्येक बायका त्यांत होत्या. काय नैसर्गिक आणि काय आजार, हे ज्या मुलीला दहाव्या वर्षी कळते ती तिसाव्या वर्षी शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा देण्याआधी प्रश्न विचारते.

दुसरे बोलणे पाळीचे. सांगताना वाक्ये अशी असावीत : ‘लेकरा, तुझ्या पोटात गर्भाशय नावाची एक पिशवी आहे. महिन्याला तिच्या आत एक मऊ थर तयार होतो. बाळ राहिले नाही की तो थर रक्तासोबत योनीतून बाहेर पडतो. ते रक्त घाण नाही, कुठे लागलेले नाही, आणि तुझे काही चुकलेले नाही.’ पाळी दोन ते सात दिवस चालते, पहिली एक-दोन वर्षे ती २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने कधीही येऊ शकते, ओटीपोटात व कमरेत थोडे दुखते, गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास बरे वाटते, हे सांगून आधीची पिशवी पुन्हा एकदा दाखवावी.

तिसरे बोलणे स्पर्शाचे. आपल्या शरीरावर आपला हक्क आहे; गुप्तांगाला, छातीला कोणी हात लावला, स्वतःच्या गुप्तांगाला हात लावायला सांगितले, तसले फोटो दाखवले किंवा मागितले, तर ‘नको’ म्हणून तेथून निघायचे आणि सांगायचे. तो माणूस नात्यातला असला, गुरुजी असला, शेजारचा काका असला तरी सांगायचे. मुलीने विश्वासाने सांगता येईल अशी तीन माणसे स्वतः निवडावीत आणि त्यांची नावे आईला सांगावीत. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिला तोंडपाठ करून द्यावा.

इशारा : ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असे वचन मुलीला कधीही देऊ नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, तो अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे, आणि अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे त्यात बंधनकारक आहे. वचन देऊन मोडले तर मुलगी पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाही. त्याऐवजी ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारून, समजावून सांगेन’ असे म्हणावे.

## टप्पा ५ : मुलांशीही याच काळात बोलावे

सर्वांत जास्त वेळा हाच टप्पा वगळला जातो. मुलीचे न्हाण होते, तिला बाजूला बसवतात, आणि तिचा भाऊ ते सगळे पाहून आपापल्या मनाने अर्थ लावतो. त्याला कोणी काही सांगत नाही, म्हणून तो मोबाईलवरून शिकतो.

मुलांसाठी सर्व घरांत समान असा वयात येण्याचा विधी नाही. मुंज होते तेथे ती बहुधा लहान वयातच उरकते, तेव्हा त्या निमित्ताने अवयवांची नावे, स्वच्छता आणि सुरक्षित स्पर्श एवढेच सांगावे, बाकीचे बारा-तेरा वर्षांसाठी राखून ठेवावे. बौद्ध कुटुंबांतील मुले श्रामणेर शिबिराला (काही दिवस भिक्षूसारखे राहण्याच्या शिबिराला) जातात, तेथील शिस्तीच्या वातावरणात भंते किंवा जाणता कार्यकर्ता हा विषय गांभीर्याने मांडू शकतो. मुस्लिम घरांत मुलगा किंवा मुलगी बालिग, म्हणजे वयात आलेली, झाली की नमाज-रोजाची जबाबदारी येते आणि गुस्लचे, म्हणजे शुद्धीच्या आंघोळीचे, नियम शिकवले जातात. त्या नियमांसोबतच शरीरात काय घडते ते सांगणे अगदी स्वाभाविक ठरते. ज्या घरांत असे काहीच नाही तेथे मिसरूड फुटू लागल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाने किंवा काकाने बोलावे. नवा समारंभ मुद्दाम उभा करण्याची गरज नाही.

मुलाला सांगायच्या गोष्टी अशा : आवाज फुटेल, शिश्न व वृषण वाढतील, शिश्नाला आपोआप ताठरता येईल, झोपेत वीर्य बाहेर पडेल. हे आजार नाहीत. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे शंभर थेंब, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो, उंची थांबते, पुढे मूल होत नाही, या सर्व समजुती खोट्या आहेत. त्यांच्या भीतीने मुले बसस्थानकाच्या भिंतीवर जाहिरात करणाऱ्या वैदूंकडे पैसे घालवतात. वृषणात अचानक तीव्र वेदना किंवा सूज आली तर लाजेने सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालयात जावे लागते, कारण वृषणाला पीळ पडला असेल तर सहाएक तासांनंतर तो वाचवणे अवघड होते. ही गोष्ट मुलांना जवळजवळ कोणीच सांगत नाही.

त्यानंतर बहिणीच्या पाळीबद्दल सांगावे. डाग दिसला तर हसायचे नाही, चिडवायचे नाही, दुकानातून पॅड आणायला सांगितले तर आणायचे. आणि मोबाईलवरील अश्लील चित्रफितींत दिसते ते खऱ्या माणसांच्या नात्यासारखे नसते, समोरच्याची संमती नसेल तेथे थांबावेच लागते, अठराखालील कोणाचाही तसला फोटो मागणे किंवा ठेवणे आणि कोणाचाही तसला फोटो पुढे पाठवणे हा गुन्हा आहे, हेही त्याच बैठकीत यावे.

पडताळा : दोन आठवड्यांनी मुलाला विचारावे, ‘बहिणीला बाजूला का बसवतात?’ विटाळ हे उत्तर आले तर बोलणे पुन्हा करावे.

## टप्पा ६ : पहिला दिवस

रक्त दिसल्याचे मुलीने सांगितले की पहिले वाक्य शांत असावे. ‘बरं झालं सांगितलंस. आपण यावर बोललो होतो ना?’ एवढे पुरे. त्यानंतर पॅड किंवा कपडा, कोमट पाण्याने आंघोळ, गरम जेवण, आणि मग घरच्यांना कळवणे. बातमी गावभर जाण्याआधी मुलीला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : ‘तुझे न्हाण करायचे का? कोणाकोणाला बोलवायचे?’ ती नको म्हणाली तर करू नये. घरच्यांना फार वाईट वाटले तर आई, आजी आणि मुलगी अशा तिघींत गोडाचे जेवण करावे.

त्याच दिवशी तारीख लिहायला शिकवावी. भिंतीवरील कॅलेंडरवर खूण केली तर सगळे पाहतात, म्हणून दप्तरातील वहीच्या मागील पानावर पाळी सुरू झालेली तारीख आणि संपलेली तारीख लिहिण्याची सवय लावावी.

## टप्पा ७ : समारंभाचा दिवस

या दिवशी शिकवू नये. व्याख्यान नको, तक्ते नकोत, मुलीला प्रश्न विचारणे तर मुळीच नको. घरच्यांनी तिच्यासमोर आणि पाहुण्यांसमोर काही गोष्टी मोठ्याने बोलून दाखवणे, एवढेच या दिवसाचे काम आहे.

ओटी भरताना ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद सवयीने तोंडात येतो. आजीशी आधी ठरवून घेतले असेल तर ती ‘शीक, मोठी हो, स्वतःच्या पायावर उभी राहा’ असे म्हणते, आणि आजीने म्हटल्यावर मागून ओटी भरणाऱ्या बायकाही तसेच म्हणतात. मामाने आहेर देताना सर्वांदेखत सांगावे की अठरा पूर्ण होईपर्यंत या मुलीचे स्थळ पाहिले जाणार नाही. मामाचा शब्द आपल्याकडे घर मोडत नाही, म्हणून हे वाक्य त्याच्याच तोंडून यावे. साडीऐवजी सायकल, चष्मा, शिकवणीची फी, जे मुलीला हवे असेल ते मामाने दिले तर उत्तम. ओटी मात्र मुलीला नकोशी वाटत असल्यास तिला धरून बसवू नये.

ओटीतील खारीक, तीळ, गूळ, डिंकाचे लाडू चांगले असले तरी रक्त वाढवायला पुरत नाहीत. याच दिवशी घरातील बायकांना सांगावे की १० ते १९ वयातील मुलामुलींना शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीने चुकवू नये. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत घेऊ नये, लिंबू किंवा आवळा सोबत असावा. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये. वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळीही तितकीच आवश्यक आहे.

इशारा : समारंभात मुलीचे फोटो काढायचे असल्यास तिला विचारून, एकाच मोबाईलवर काढावेत आणि कोणत्याही गटावर टाकू नयेत.

## टप्पा ८ : नंतरचे तीन महिने

पाहुणे गेले की बहुतेक घरे काम संपले असे समजतात. दुसरी पाळी येईपर्यंत मुलीला खरे प्रश्न पडलेले नसतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत पडतात. म्हणून प्रत्येक पाळीनंतर आठवडाभरात एकदा, पुन्हा एकटीला गाठून बोलावे.

पहिल्या महिन्यात वहीतील तारखा पाहाव्यात, पॅड किती वेळाने बदलते ते विचारावे, शाळेत बदलायला जागा आणि पाणी आहे का ते विचारावे. शाळेत सोय नसेल तर मुलीला उपदेश करून उपयोग नाही. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटावे लागते.

दुसऱ्या महिन्यात गर्भधारणेचे बोलणे करावे. पाळी सुरू झाली म्हणजे गर्भ राहू शकतो, पण शरीर अजून बाळंतपणाला तयार नसते. स्त्री-पुरुषांच्या शरीरसंबंधातून वीर्यातील शुक्राणू व स्त्रीचे बीज एकत्र येऊन गर्भ कसा तयार होतो, हे सरळ वाक्यांत सांगावे. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एकाच पाण्यात पोहल्याने गर्भ राहत नाही, हेही सांगावे लागते, कारण मुली ते मनात धरून महिनोन्महिने घाबरतात. तेरा-चौदा वर्षांपुढील मुलामुलींना निरोध, गर्भनिरोधक गोळ्या, एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्ग यांची माहिती द्यावी. एचआयव्हीविषयीचे प्रश्न १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतात. माहिती दिल्याने मुले बिघडतील, ही भीती आया हमखास बोलून दाखवतात. ज्यांना माहिती नसते त्याच मुली फसतात, हे त्यांना शांतपणे सांगावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयुक्त ठरते. ती सध्या कोठे मिळते ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

तिसऱ्या महिन्यात मन आणि कायदा. चिडचिड, रडू, कोणाविषयी ओढ वाटणे नैसर्गिक आहे. पण मुलगी सतत गप्प राहू लागली, जेवण सुटले, मरणाची भाषा आली तर १४४१६ या टेलि-मानस (मानसिक आरोग्याच्या मदतीच्या) क्रमांकावर फोन करावा. लग्नाचे कायदेशीर वय मुलीचे १८ आणि मुलाचे २१ आहे. लग्न ठरू लागल्याचे कळले तर गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक (आताचे नाव ग्रामपंचायत अधिकारी) असतो, त्याला किंवा अंगणवाडी सेविकेला कळवता येते. ते शक्य नसेल तर १०९८. हे मुलीला आईसमोर सांगावे, म्हणजे आईलाही बळ येते.

### दवाखान्यात कधी न्यावे

तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, रक्तस्राव सात दिवसांपुढे चालत असेल किंवा मुलगी फिकट पडून तिला धाप लागत असेल तर थांबू नये. रक्तातील हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास मुलीला रक्तक्षय आहे आणि त्यासाठी आठवड्याची गोळी पुरत नाही, डॉक्टरांनी ठरवलेले उपचार लागतात. दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, तेरा वर्षांपर्यंत छातीची वाढच दिसली नसेल किंवा पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नसेल, तरीही दाखवावे. पाळी सुरू झाल्यावर सलग तीन महिने आली नाही तर प्रश्न न ओरडता, एकटीला विचारावेत, आणि गर्भ राहिल्याची थोडीही शंका असेल तर कोणतेही काढे किंवा दुकानातील गोळ्या न देता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्यावे.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते आणि तेथे मुले-मुली एकटीही जाऊ शकतात. पहिल्या वेळी आशाताईने सोबत जावे, समुपदेशकाशी मुलीची ओळख करून द्यावी आणि मग बाहेर बसावे. दवाखान्यात जाताना तारखा लिहिलेली वही विसरू नये. डॉक्टर पहिला प्रश्न मागील पाळीच्या तारखेचा विचारतात आणि त्याचे उत्तर मुलीने स्वतः द्यावे.